डेकखालचा हिशेब

'हॅनिबल' या इंग्रज जहाजाचा कप्तान थॉमस फिलिप्स स्वतःच्या नजरेत तरी वाईट माणूस नव्हता. १६९४ साली पश्चिम आफ्रिकेतल्या विदा बंदरात त्याने सुमारे ७०० माणसे विकत घेतली. जहाजाच्या नावाचे पहिले अक्षर असलेले तापलेले लोखंड त्यांच्या छातीवर किंवा खांद्यावर टेकवण्याआधी त्या जागी थोडे पामतेल चोळले होते, अशी नोंद त्याने आपल्या रोजनिशीत केली आहे. दहशत बसावी म्हणून काही कप्तान एखाद्याचे हातपाय तोडतात, आपल्यालाही तसा सल्ला मिळाला होता पण तो आपण मानला नाही, हेही त्याने लिहिले. कातडीच्या रंगावरून या लोकांना तुच्छ का लेखावे हे आपल्याला कळत नाही, असेही लिहिले. जहाज बार्बाडोसला पोचले तोवर ३२० माणसे मेली होती. ३७२ जिवंत उतरली. मग फिलिप्सने मेलेल्यांचा जमाखर्च मांडला. प्रत्येकामागे गुलामव्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीचे दहा पौंड बुडाले आणि जहाजमालकांचे साडेदहा, कारण भाडे जिवंत उतरवलेल्या डोक्यामागेच ठरले होते. एकूण तोटा ६,५६० पौंडांच्या घरात. इतकी देखभाल करूनही ही माणसे मरतात आणि आपले नुकसान करतात, अशी त्याची तक्रार आहे. तक्रारीचा सूर अगदी खरा आहे, आणि तोच वाचताना अंगावर येतो.

गुलामवाहू जहाजांविषयी वाचताना आपली नजर चाबूक, बेड्या आणि क्रूर कप्तान यांच्यावर खिळते. हे सगळे होतेच. पण या विषयावरचे गेल्या पन्नास-साठ वर्षांतले संशोधन चाळत गेले की वाटू लागते, माणसाचा माल करण्याचे मूळ काम हिशेबाच्या वहीने केले. किती माणसे भरायची, त्यांना काय खाऊ घालायचे, कोणाला मारायचे पण मरू द्यायचे नाही, आणि कोणते मरण विम्यात बसते, हे सगळे जहाज बंदरातून हलण्याआधीच कागदावर ठरलेले असे. फिलिप्ससारख्या 'भल्या' माणसाला द्वेष करण्याची गरजच उरली नव्हती.

आधुनिक संशोधनाची सुरुवातही आकड्यांपासून झाली. १९६९ साली फिलिप कर्टिन या अमेरिकी इतिहासकाराने पुस्तकांतून एकमेकांच्या उसनवारीवर फिरणारे अंदाज तपासले आणि अमेरिका खंडांत जिवंत पोचलेल्या आफ्रिकनांची संख्या ९५ लाखांच्या आसपास ठेवली. आकडा प्रचलित समजुतीपेक्षा बराच खाली होता, त्यामुळे मोठे वादळ उठले. त्यानंतर डेव्हिड एल्टिस, डेव्हिड रिचर्डसन, स्टीफन बेरेंट, हर्बर्ट क्लाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंदरांची दप्तरे, जकातीच्या नोंदी, वृत्तपत्रे आणि कंपन्यांच्या वह्या एकत्र करून जहाजागणिक नोंदी तयार केल्या. त्या १९९९ साली सीडीवर आल्या आणि २००८ पासून संकेतस्थळावर सर्वांसाठी खुल्या आहेत. आज तिथे सुमारे ३६ हजार सफरींची माहिती आहे. तिच्या आधारे काढलेला अंदाज असा, की सोळाव्या शतकाच्या आरंभापासून १८६६ पर्यंत १ कोटी २५ लाख माणसे आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जहाजात चढवली गेली आणि १ कोटी ७ लाख पलीकडे उतरली. मधले १८ लाख समुद्रात गेले, म्हणजे दर सात माणसांमागे साधारण एक.

चित्रपटांमुळे गुलामगिरी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे अमेरिकेतले कापसाचे मळे येतात. प्रत्यक्षात आजच्या अमेरिकी संयुक्त संस्थानांच्या भूमीवर थेट आफ्रिकेतून उतरलेली माणसे ३ लाख ८८ हजारांच्या आसपास होती, तर एकट्या ब्राझीलमध्ये ४८ लाखांहून अधिक. सर्वांत जास्त माणसे वाहिली ती पोर्तुगाल आणि ब्राझीलच्या जहाजांनी. त्याखालोखाल ब्रिटिश, मग फ्रेंच, स्पॅनिश, डच.

या गणनेने खूप काही दिले, पण तिच्यावर एक आक्षेप आहे आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. वही माणूस कुठून मोजू लागते? व्यापाऱ्याने पैसे मोजले तिथून. जोसेफ मिलरच्या 'वे ऑफ डेथ' (१९८८) या ग्रंथात अंगोलाच्या आतल्या मुलखातून किनाऱ्यापर्यंतच्या वाटेवर किती माणसे दगावत असावीत याचा हिशेब आहे, आणि तो समुद्रातल्या मृत्यूंपेक्षा मोठा भरतो. ही माणसे कुठल्याच जहाजाच्या रकान्यात बसत नाहीत. स्टेफनी स्मॉलवूडने 'सॉल्टवॉटर स्लेव्हरी' (२००७) मध्ये रॉयल आफ्रिकन कंपनीचीच पत्रे आणि खाती वेगळ्या नजरेने वाचली. तिचा रोख असा, की माणसाला वस्तू करण्याची प्रक्रिया याच कागदांनी घडवली. त्यामुळे त्यांच्यातला आकडा उचलताना त्या आकड्यामागची नजरही आपल्या हातात येते.

आता खुद्द जहाज. ते बहुधा साधे व्यापारी गलबतच असे. लिव्हरपूल, नाँत किंवा लिस्बनहून निघताना त्यात कापड, बंदुका, दारू, पितळी भांडी आणि कवड्या भरलेल्या असत. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर हा माल जसजसा उतरे तसतसे जहाजावरचे सुतार डेकखालची जागा मोकळी करून तिथे फळ्यांचे माळे ठोकत. शिवाय वरच्या डेकवर आडवी एक उंच भिंत उभी राही. तिच्या एका बाजूला बंदिवान पुरुष आणि दुसऱ्या बाजूला खलाशी व स्त्रिया, भिंतीतल्या भोकांतून रोखलेल्या बंदुका आणि छोट्या तोफा. कडेने जाळी लावलेली असे, कारण माणसे समुद्रात उड्या टाकत. जहाज भरेपर्यंत महिनोन् महिने नांगरून पडे. आधी चढवलेल्या माणसांना किनारा दिसत असताना कोंडून राहावे लागे. बऱ्याच बंडाळ्या याच काळात झाल्या. नंतर महासागर ओलांडायला अंगोला ते ब्राझील पाच-सहा आठवडे, तर पश्चिम आफ्रिका ते कॅरिबियन दोन महिने किंवा त्याहून जास्त लागत.

डेकखालच्या जागेचे मोजमाप आपल्याला ठाऊक आहे ते लिव्हरपूलच्या 'ब्रुक्स' जहाजामुळे. १७८८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने डॉल्बेनचा कायदा करून टनामागे किती माणसे न्यायची यावर मर्यादा घातली. २९७ टनांच्या 'ब्रुक्स'ला ४५४ माणसांची परवानगी मिळाली. गुलामव्यापाराच्या विरोधकांनी मग सरकारी मोजमापे घेऊन आराखडा काढला. पुरुषाला सहा फूट लांब आणि एक फूट चार इंच रुंद जागा, मुलीला साडेचार फूट लांब आणि एक फूट रुंद. इतके दाटीवाटीने काढूनही चित्रात ४८२ आकृत्याच मावल्या. कायद्यापूर्वीच्या एका सफरीत याच जहाजाने ६०९ माणसे नेली होती. थॉमस ट्रॉटर १७८३-८४ च्या सफरीत 'ब्रुक्स'वर डॉक्टर होता. त्याने पार्लमेंटपुढे सांगितले, की माणसे कुशीत कूस घालून निजवली जात आणि त्यांच्या अंगावर पाय न देता मधून चालणे अशक्य होते.

अलेक्झांडर फाल्कनब्रिज हा दुसरा डॉक्टर. गुलामवाहू जहाजांवर अनेक सफरी केल्यावर तो या धंद्याच्या विरोधात उभा राहिला. त्याचे १७८८ चे छोटे पुस्तक आजही या विषयावरचा पहिल्या प्रतीचा पुरावा मानले जाते. पुरुष दोघादोघांत बेड्यांनी जखडलेले. शौचासाठी मोठ्या बादल्या, पण बेडीतल्या जोडीदाराला ओढत अंधारात इतरांच्या अंगावरून तिथवर पोचायचे कसे? बरेच जण प्रयत्न सोडून देत. पाऊस आला की हवेची झापे बंद होत. अशा एका वेळी रक्ताची आव पसरली तेव्हा खालची जमीन रक्ताने आणि श्लेष्माने इतकी माखली की कत्तलखाना वाटावा, असे तो लिहितो. तिथे थोडा वेळ थांबल्यावर त्याला स्वतःलाच भोवळ आली आणि उचलून वर न्यावे लागले. डॉक्टर वर आला. बाकीचे खालीच राहिले.

जेवण दिवसातून दोनदा. इंग्लंडात घोड्यांना घालतात ते वालासारखे जाड दाणे उकडून, किंवा कोनफळाच्या जातीचे याम कंद, किंवा भात, वर पामतेल, पीठ आणि मिरपुडीचे कालवण. जेवणानंतर 'नाच'. हातपाय मोकळे राहावेत म्हणून बेड्यांसकट उड्या मारायला लावत, जो मारणार नाही त्याला चाबूक. खायला नकार देणाऱ्यांसाठी स्क्रूने जबडा उघडायचे लोखंडी हत्यार असे. मुळात ते धनुर्वातात दातखिळी बसलेल्या रोग्यासाठी होते. गुलामव्यापाराविरुद्ध प्रचार करणाऱ्या थॉमस क्लार्कसनला ते लिव्हरपूलच्या एका दुकानात बेड्यांशेजारी उघड विकायला ठेवलेले दिसले. त्याने विकत घेतले आणि पुढे प्रचारसभांत दाखवले.

ट्रॉटरने सांगितलेली एक हकीकत इथे थोडी विस्ताराने द्यायला हवी. गोल्ड कोस्टवरच्या एका व्यापाऱ्याचे तिथल्या मुखियाशी भांडण झाले. मुखियाने त्याच्यावर चेटकाचा आळ घेतला आणि त्याला आई, बायको व मुलींसह विकून टाकले. जहाजावर आल्यापासून त्याने अन्नाला तोंड लावले नाही. एका रात्री त्याने आपला गळा चिरला. ट्रॉटरने जखम शिवली. दुसऱ्या रात्री त्याने टाके उपसून काढले आणि गळ्याची दुसरी बाजू फाडली. शस्त्र सापडेना. बोटांची नखे रक्ताने भरलेली होती, त्यावरून उलगडा झाला. गोऱ्यांबरोबर मी जाणार नाही, एवढेच तो म्हणत राहिला. हात बांधले, तरी तो जेवला नाही आणि आठ-दहा दिवसांत गेला. डॉक्टरने त्याला वाचवण्याची धडपड केली यात शंका नाही. त्या धडपडीसाठीच डॉक्टरला पगार होता.

डॉल्बेनच्या कायद्याने तर हे स्पष्ट लिहूनच ठेवले. मृत्यू शेकडा दोनांच्या आत राहिले तर कप्तानाला १०० पौंड आणि डॉक्टरला ५० पौंड बक्षीस, तीनांच्या आत राहिले तर त्याच्या निम्मे. कायदा माणुसकीपोटी झाला होता, तरी जीव वाचवायची भाषा पुन्हा टक्केवारीचीच.

माणसे नेमकी कशाने मरत, या प्रश्नावर इतिहासकारांचा वाद अजून संपलेला नाही. आव हा सर्वांत मोठा मारेकरी. केनेथ किपल आणि ब्रायन हिगिन्स यांनी असे मांडले की उष्णता, घाम, ओकाऱ्या आणि अपुरे पाणी यांनी शरीरातले पाणी आटून माणसे मरत, आणि समकालीनांनी ज्याला 'उदासी' म्हटले त्यातला काही भाग या निर्जलीकरणाचाच असावा. गर्दीचे काय? साध्या तर्काने जितकी दाटी तितके मरण. पण क्लाइन आणि इतरांनी आकडे लावून पाहिले तेव्हा असा सरळ संबंध दिसला नाही. सफरीची लांबी आणि माणसे कुठून चढवली हे घटक जास्त बोलके ठरले, बियाफ्राच्या आखातातून निघालेल्या जहाजांवर मृत्यू विशेष जास्त होते. हे मत बराच काळ प्रमाण मानले गेले. २०१४ साली निकोलस ड्युकेट या अर्थतज्ज्ञाने वेगळ्या पद्धतीने तेच आकडे तपासून गर्दीने मृत्यू वाढत होते असा निष्कर्ष काढला. मला यातली एक गोष्ट खटकते. 'दाटी करणे फायद्याचे होते का' या प्रश्नावर दोन शतकांपूर्वी लिव्हरपूलचे मालकही वाद घालत होते, आणि तो प्रश्न त्याच रूपात आपल्या नियतकालिकांत उतरला आहे. सतराव्या शतकात शेकडा वीसच्या आसपास असलेले मृत्यूचे प्रमाण अठराव्याच्या अखेरीस दहापर्यंत खाली आले हे खरे. तरुण, धडधाकट, निवडून घेतलेल्या माणसांत दोन महिन्यांत दहातला एक मरणे म्हणजे काय, हे मात्र त्या आलेखातून कळत नाही.

वहीचा अंमल पराकोटीला गेला तो 'झाँग'वर. ऑगस्ट १७८१ मध्ये हे जहाज अक्राहून ४४२ माणसे घेऊन निघाले. इतक्या छोट्या जहाजाला हा बोजा नेहमीच्या दुपटीचा होता. कप्तान ल्यूक कॉलिंगवूड पूर्वी जहाजावरचा डॉक्टर, कप्तान म्हणून ही त्याची पहिलीच सफर. जमैका जवळ आले असता खलाशांनी ते दुसरेच बेट समजून जहाज पुढे हाकले. पाणी कमी पडेल असे कारण पुढे करून २९ नोव्हेंबरला ५४ स्त्रिया आणि मुले समुद्रात फेकली गेली, १ डिसेंबरला ४२ पुरुष, नंतर आणखी ३६. दहा जणांनी स्वतःच उड्या घेतल्या. तिसरी खेप फेकण्याआधी पाऊस पडून गेला होता. जहाज जमैकाला लागले तेव्हा ४२० गॅलन पाणी शिल्लक होते.

हे का केले, याचे उत्तर विम्याच्या करारात होते. गुलाम आजाराने मेला तर तो 'नैसर्गिक मृत्यू', तोटा मालकाचा. जहाज वाचवण्यासाठी माल समुद्रात टाकावा लागला तर तोटा विमा कंपन्यांचा. लिव्हरपूलचा विल्यम ग्रेगसन आणि त्याचे भागीदार यांनी डोक्यामागे ३० पौंडांचा दावा लावला आणि १७८३ मध्ये ज्यूरीने तो मान्य केला. फेरतपासणीच्या सुनावणीत सरन्यायाधीश लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी सांगितले, की कायद्याच्या नजरेत हे प्रकरण घोडे समुद्रात टाकल्यासारखेच आहे, ऐकायला कितीही धक्कादायक वाटले तरी. त्यांनी फेरखटल्याची परवानगी दिली. पूर्वी स्वतः गुलाम असलेल्या ओलाउदा एक्वियानोने ही बातमी गुलामगिरीविरोधी कार्यकर्ते ग्रॅनव्हिल शार्प यांच्यापर्यंत पोचवली. शार्पने खुनाचा खटला व्हावा म्हणून जंग जंग पछाडले, पण कोणावरही खटला झाला नाही. जहाजाची रोजनिशी गहाळ झाली.

'झाँग' सर्वांना माहीत आहे, कारण ते न्यायालयात गेले. 'ल्यूसडेन' फारसे कोणाला माहीत नाही. डच वेस्ट इंडिया कंपनीचे हे जहाज १ जानेवारी १७३८ रोजी सुरिनामजवळ मारोनी नदीच्या मुखाशी वादळात रुतले. बंदिवान वर आले तर होड्यांवर गर्दी करतील या भीतीने खलाशांनी झापे खिळे ठोकून बंद केली आणि वर बसून राहिले. ६६४ माणसे आत बुडून मेली. डेकवर असल्याने वाचलेल्या १६ जणांना पुढे विकण्यात आले. कप्तान आणि खलाशांनी सोन्याची पेटी वाचवली म्हणून कंपनीने त्यांना बक्षीस दिले. लिओ बालाई या संशोधकाने कागदपत्रे शोधून हे प्रकरण अलीकडे पुन्हा उजेडात आणले.

स्त्रिया आणि मुले यांच्याविषयी जुन्या ग्रंथांत आश्चर्य वाटावे इतके कमी लिहिलेले आहे. स्त्रियांना बहुधा बेड्या घालत नसत आणि त्यांची जागा अधिकाऱ्यांच्या खोल्यांजवळ असे. त्याचा अर्थ काय होता हे फाल्कनब्रिजने लपवलेले नाही. अधिकाऱ्यांना मनमानीची मुभाच होती, असे तो सांगतो. १७९२ मध्ये 'रिकव्हरी' जहाजाचा कप्तान जॉन किंबर याच्यावर खटला चालला. नाचायला नकार देणाऱ्या सुमारे पंधरा वर्षांच्या मुलीला पायाला दोरी बांधून टांगून मारल्याचा आरोप गुलामव्यापाराचे विरोधक खासदार विल्यम विल्बरफोर्स यांनी पार्लमेंटमध्ये जाहीरपणे केला होता. किंबर सुटला, आणि साक्ष देणाऱ्या डॉक्टरवरच खोट्या साक्षीचा ठपका आला. साईडिया हार्टमन यांनी याच खटल्याचे कागद हाती घेऊन २००८ मधल्या आपल्या गाजलेल्या निबंधात विचारले, की जिची नोंद फक्त तिच्या छळापुरतीच उरली आहे तिच्याविषयी लिहायचे कसे? छळ पुन्हा सांगितला तर तो पुन्हा घडवल्यासारखे होते, आणि न सांगावा तर ती मुलगी पुसली जाते. सोवांदे मुस्तकीम यांचे 'स्लेव्हरी ॲट सी' (२०१६) म्हातारे, आजारी, गरोदर बाया आणि तान्ही मुले यांच्याकडे वळते. यांना वहीत भाव कमी होता, म्हणून इतिहासातही जागा कमी मिळाली.

खलाशांबद्दल थोडक्यात. मार्कस रेडिकर यांचे 'द स्लेव्ह शिप' (२००७) त्यांच्याकडे सहानुभूतीने पाहते, आणि क्लार्कसनच्या चौकशीपासून हे माहीत आहे की या जहाजांवर साधारण पाचातला एक खलाशी मरत असे. हे खलाशी गरीब होते, फसवून भरती केलेले असत, मारही खात. पण चाबूक त्यांच्याच हातात होता.

प्रतिकाराचे संशोधन हा या क्षेत्रातला सर्वांत मोठा बदल म्हणावा लागेल. पूर्वी बंडे म्हणजे तुरळक अपवाद समजत. एल्टिस, बेरेंट आणि रिचर्डसन यांनी दाखवले की अंदाजे दहातल्या एका जहाजावर बंडाळी झाली. ती बहुतेक वेळा मोडून काढली गेली, पण तिच्या भीतीने जास्त खलाशी, जास्त बंदुका, भिंत, जाळी असा खर्च वाढला आणि त्यामुळे लाखो माणसे कमी नेली गेली असा त्यांचा अंदाज आहे. म्हणजे बंड करून मेलेल्यांनी आपल्याला कधीच न भेटलेल्या माणसांना वाचवले. रिबेका हॉल यांनी स्त्रियांच्या वाट्याकडे लक्ष वेधले आहे. बेड्या नसलेल्या आणि हत्यारांच्या पेटीजवळ वावरणाऱ्या स्त्रिया बंडांत पुढे असत, आणि कप्तानांनी ही शक्यताच लक्षात घेतली नव्हती.

या दृष्टीने 'ब्रुक्स'चा आराखडा पुन्हा पाहावा. त्याने ब्रिटनचे जनमत हलवले, यात वाद नाही. पण त्यात सगळ्या आकृत्या सारख्या, निश्चल आणि बिनचेहऱ्याच्या आहेत. कोणी हात उगारत नाही, कोणी बोलत नाही. मार्कस वुड यांनी 'ब्लाइंड मेमरी' (२०००) मध्ये यावर नेमके बोट ठेवले. दयेसाठी लागणारा माणूस गप्प पडलेला हवा होता, म्हणून मुक्तिवाद्यांनीही त्याला मालासारखाच मांडला.

बोलणारे मुळातच थोडे. जहाजाच्या पोटातून गेलेल्यांच्या स्वतःच्या हकीकती बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. ओट्टोबा कुगोआनो (१७८७), एक्वियानो (१७८९), आणि बेकायदा व्यापाराच्या काळात ब्राझीलला नेला गेलेला महम्मा गार्दो बाकाक्वा (१८५४) ही त्यांतली नावे. एक्वियानोचा जन्म आफ्रिकेतच झाला की कॅरोलायनात, यावर व्हिन्सेंट कॅरेटा यांनी कागदोपत्री शंका उपस्थित केल्यापासून वाद सुरू आहे. जन्म कुठेही झालेला असला तरी त्याचे जहाजाचे वर्णन इतर साक्षींशी जुळते, त्यामुळे या वादाला मी फार वजन देणार नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट पुस्तकांबाहेर सापडते. सुरिनाम, जमैका, ब्राझील सगळीकडे एकाच जहाजातून आलेली माणसे आयुष्यभर एकमेकांना सख्खी भावंडे मानत आणि त्यांच्या मुलांचे आपसांत लग्नसंबंध टाळले जात. ज्या जागेत माणसांची सगळी नाती तोडायची होती तिथेच हे नाते जुळले.

१८०७ मध्ये ब्रिटनने व्यापार बंद केला, तरी तो संपायला आणखी साठ वर्षे गेली. ब्राझीलने १८३१ मध्ये बंदी घातली ती इंग्रजांना दाखवण्यापुरती, १८५० पर्यंत लाखो माणसे तिथे उतरतच राहिली. ब्रिटिश आरमाराने सुमारे १,६०० जहाजे पकडून दीड लाख माणसे सोडवली. पकडले जाण्याची भीती वाढली तशी जहाजे वेगवान झाली, दाटी वाढली आणि मुलांचे प्रमाणही. फ्रीटाउन आणि हवानाच्या न्यायालयांनी सोडवलेल्यांची नावे, वये आणि अंगावरच्या खुणा लिहून ठेवल्या. अशी सुमारे ९१ हजार नावे आता जमा झाली आहेत आणि नावांवरून भाषा व गाव ओळखण्याचे काम आफ्रिकेतले लोकही करत आहेत.

आपल्या किनाऱ्याचा या व्यवहाराशी संबंध आहे, तो सहसा आपण आठवत नाही. पश्चिम आफ्रिकेत माणूस विकत घ्यायला जे चालत होते त्यात भारतीय सुती कापड आणि मालदीवच्या कवड्या ही मोठी चलने होती. पेद्रो मशादू यांनी दीव आणि दमणचे गुजराती व्यापारी मोझांबिकला पुरवत असलेल्या कापडाचा आणि तिथल्या गुलामव्यापाराचा सांधा तपशिलाने दाखवला आहे. पोर्तुगीज 'साओ जुझे' हे जहाज मोझांबिकहून ब्राझीलला जाताना डिसेंबर १७९४ मध्ये केप टाउनजवळ फुटले. दोनशेहून अधिक बंदिवान बुडाले, वाचलेले विकले गेले. त्याचे अवशेष २०१५ मध्ये जाहीर झाले. त्यात सापडलेले लोखंडी ठोकळे जहाज स्थिर राखण्यासाठी होते, कारण माणसे इतर मालापेक्षा हलकी भरतात आणि हलतात.

हिंदी महासागरातली गुलामी सौम्य होती, असे मलिक अंबरचे उदाहरण देऊन आपल्याकडे हमखास सांगितले जाते. हबशी गुलाम अहमदनगरचा कारभारी झाला हे खरे. पण त्याच्यामागे बाजारात उभ्या राहिलेल्या बाकीच्यांचे काय झाले ते त्यातून कळत नाही. सोळाव्या शतकात लिन्स्कोटेन या डच प्रवाशाने गोव्यात गुलामांची विक्री पाहिली होती. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश आरमाराने अरबी गलबतांवरून सोडवलेली मुले मुंबईत उतरवली जात आणि त्यांतली कित्येक नाशिकजवळच्या शरणपूरच्या मिशन शाळेत वाढली. त्यांपैकीच जेकब वेनराइट आफ्रिकेत फिरलेल्या डेव्हिड लिव्हिंगस्टन या ब्रिटिश प्रवाशाचा मृतदेह घेऊन इंग्लंडला गेला आणि १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबेतल्या अंत्यविधीत शवपेटीला खांदा दिला. पुढे नाशिकची बरीच मंडळी मोंबासाजवळ फ्रेअर टाउनला वसली.

गिरमिटिया मजुरांच्या जहाजांशी तुलनाही केली जाते, आणि ज्यांचे पूर्वज रत्नागिरीकडून मॉरिशसला गेले त्या मराठी कुटुंबांना ती जवळची वाटणे साहजिक आहे. जिवंत उतरवलेल्या डोक्यामागे डॉक्टरला पैसे, ही पद्धत दोन्हीकडे होती. तरीही गिरमिटिया करार, फसवणुकीचा का होईना, मुदतीचा होता आणि मजुराचे मूल मालकाच्या मालकीचे होत नव्हते. हा फरक पुसून टाकणारी तुलना मला मान्य नाही.

सध्याचा वाद पैशाकडे वळला आहे. गुलामगिरी रद्द करताना ब्रिटनने २ कोटी पौंड भरपाई दिली ती मालकांना, आणि त्यासाठी काढलेल्या कर्जाचा शेवटचा भाग २०१५ मध्ये फिटला. कॅरिबियन देशांच्या संघटनेने २०१३ पासून भरपाईच्या मागणीचा पाठपुरावा चालवला आहे. लॉइड्स ऑफ लंडन या विमा बाजाराने २०२० मध्ये गुलामव्यापारातल्या आपल्या सहभागाबद्दल माफी मागितली आणि नंतर आपली जुनी कागदपत्रे संशोधकांना खुली केली. भरपाईचा आकडा काढू पाहणाऱ्या कोणालाही शेवटी याच करारपत्रांकडे आणि वह्यांकडे जावे लागणार. त्यांत डोक्यामागचा भाव लिहिलेला आहे. वाटेत मेलेल्यांची नावे नाहीत.